रंगवलेल्या पेट्या, ठशांच्या भिंती : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अमेरिकेतील जुन्या घरगुती चित्रकलेविषयी मागच्या अंकात एक छोटे टिपण छापले होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथल्या शेतकऱ्यांच्या, कारागिरांच्या आणि लहान व्यापाऱ्यांच्या घरांत पेट्या, खुर्च्या, भिंती, तबके, इतकेच काय पण जन्माचे दाखलेसुद्धा रंगवलेले असत, एवढाच त्या टिपणाचा विषय होता. त्यावर बरीच पत्रे आली. एकाच मुद्द्याभोवती फिरणारे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : साध्या पाइनच्या लाकडावर महोगनीचा भास होईल असा रंग देत, असे टिपणात म्हटले होते. ही सरळसरळ फसवणूक नव्हती का? (एक वाचक, पुणे)

फसवणूक म्हणायची तर एकाला खरे ठाऊक आणि दुसऱ्याला ते ठाऊक नाही, अशी स्थिती असावी लागते. येथे तसे नव्हते. घराचा मालक स्वतः रंगाऱ्याला बोलावून पाइनच्या दाराला महोगनीचे रूप द्यायला सांगत असे आणि घरी येणाऱ्याजाणाऱ्यांनाही ते कळत असे. पैशाअभावी केलेली ही तडजोड होती, असेही सरसकट म्हणता येत नाही. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन येथील घराच्या बाहेरच्या भिंती पाइनच्या फळ्यांच्या आहेत. त्या फळ्या दगडी चिऱ्यांसारख्या दिसतील अशा तासून, ओल्या रंगावर वाळू फेकून त्यांना दगडाचा खरखरीत पोत दिलेला आहे. थॉमस जेफर्सन यांच्या मॉन्टिसेलो येथील घरातही दारे महोगनीसारखी रंगवून घेतली होती. ज्यांना खरे लाकूड सहज परवडले असते तेही रंगाऱ्याच्या हातचे लाकूड पसंत करीत होते, याचा अर्थ त्या हाताला स्वतःची किंमत होती.

पद्धत अशी. आधी पिवळसर किंवा तांबूस रंगाचा एक जाड हात देऊन तो पूर्ण वाळू देत. त्यावर गडद पण पातळ, खालचा रंग दिसेल असा दुसरा हात देत आणि तो ओला असतानाच त्यात चामड्याची किंवा धातूची फणी, पीस, स्पंज, कापडाचा बोळा, नाहीतर चक्क मक्याचे बुरकुंडे फिरवून लाकडाच्या रेषा काढत. काही रंगारी व्हिनेगरमध्ये रंग कालवून त्यावर लांबीचा (काचा बसवायच्या लुकणाचा) गोळा दाबत आणि उचलत. गोळा सुटताना रंग पंख्यासारखा फाकतो आणि समुद्रातल्या शेवाळासारखी नक्षी उमटते. काही जण ओल्या रंगाखाली पेटती मेणबत्ती धरून काजळीचे ढग उठवत. अशी एक पेटी मला जवळून पाहायला मिळाली होती. समोरची बाजू तांबड्या-काळ्या लाटांनी भरलेली होती, पण खालचा खण ओढला तर आत कोरे लाकूड, रंध्याच्या खुणांसह, जसेच्या तसे. आतले लाकूड लपवण्याची गरज त्या सुताराला वाटली नव्हती, आणि मला वाटते आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या खणातच आहे.

याच तंत्रावर पुढे कारखानाही उभा राहिला. कनेटिकटमध्ये लॅम्बर्ट हिचकॉक यांनी १८२० च्या दशकात खुर्च्यांचे मोठे उत्पादन सुरू केले. तांबड्या अस्तरावर काळा रंग ओढून शिसवीचा आभास आणायचा, वर रोगणाचा हात द्यायचा, आणि ते रोगण बोटाला किंचित चिकटेल इतपतच ओले असताना स्टेन्सिल, म्हणजे नक्षीचा आकार कापून काढलेला जाड कागद, ठेवून कांस्याची बारीक भुकटी मखमलीच्या बोळ्याने घासायची, म्हणजे फळांची परडी सोनेरी उमटते. रोगण जास्त ओले असले तर भुकटी पसरते, जास्त वाळले तर ती धरतच नाही; ती वेळ ओळखणे हेच कसब. त्या कारखान्यात हे काम मुख्यत्वे स्त्रिया आणि मुले करीत, आणि खुर्चीवर नाव मात्र हिचकॉक यांचे असे.

प्रश्न : भिंतीवरची नक्षी हाताने काढत की छापत? आणि खेड्यापाड्यांत हे कारागीर कुठून येत? मी शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून तपशील हवा आहे. (एक शिक्षिका, कोल्हापूर)

दोन्ही प्रकार होते. छापील भिंतकागद, विशेषतः फ्रान्समधून येणारा, फार महाग पडे. ज्यांना तो परवडत नसे ते भिंतीला पांढरा, पिवळसर किंवा गुलाबी हात देऊन त्यावर स्टेन्सिलची नक्षी करून घेत. हे काम करणारे गावोगाव फिरत असत. जेवण, मुक्काम आणि थोडी रोकड, असा त्यांचा व्यवहार असे.

न्यू हॅम्पशायरमधील मोझेस ईटन हे पितापुत्र या कामासाठी आज ओळखले जातात. धाकट्या ईटनची (१७९६–१८८६) लाकडी पेटी पोटमाळ्यावर सापडली आणि ती जतन केली गेली. तिच्यात ८ कुंचले आणि जाड कागदाचे ७८ ठसे, म्हणजे स्टेन्सिल, निघाले. हे ठसे रंगाने आणि तेलाने कडक झालेले आहेत. प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा, म्हणजे तांबड्या फुलाचा एक आणि हिरव्या पानांचा दुसरा. त्यांची जुळणी करून पूर्ण नक्षी होते. अननस, ओकची पाने, विलोचे झाड, गोलाकार फूल, झालरीखाली लोंबणाऱ्या घंटा, असे मोजके आकार आणि बहुतेक वेळा तांबडा व हिरवा असे दोनच रंग. आपल्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट आवर्जून दाखवण्याजोगी आहे. भिंत ठशाच्या मापाची नसते, त्यामुळे पट्टी कोपऱ्यापाशी येते तेव्हा कारागिराला फुले थोडी दाटीने बसवावी लागतात किंवा अर्धे फूल दुमडून पुढच्या भिंतीवर न्यावे लागते. छापील कागदावर असे होत नाही. त्या अर्ध्या फुलाने माणूस तिथे उभा होता हे कळते.

पूर्ण निसर्गचित्रे भिंतीवर काढणाऱ्यांत रूफस पोर्टर (१७९२–१८८४) यांचे नाव सर्वांत महत्त्वाचे. सावलीवरून व्यक्तिचित्रे काढणे, नाना यंत्रे शोधणे, लिहिणे असे अनेक उद्योग त्यांनी केले आणि १८४५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' हे नियतकालिक सुरू केले, जे आजही निघते. त्यांनी १८२५ मध्ये नाना कारागिऱ्यांच्या कृतींचे एक छोटे पुस्तक काढले. त्यात भिंतीवर निसर्गदृश्य कसे रंगवावे हेही होते, आणि तोच विषय त्यांनी पुढे आपल्या नियतकालिकातही मांडला. सरसाच्या पाण्यात कालवलेला रंग कोरड्या गिलाव्यावर द्यायचा. आधी क्षितिज ठरवायचे, मग आकाश, दूरच्या टेकड्या, जवळची शेते, असे मागून पुढे येत जायचे. घरे आणि जहाजे वारंवार लागतात म्हणून त्यांचे ठसे ठेवायचे. आणि सर्वांत पुढे छतापर्यंत जाणारी मोठी झाडे मोकळ्या हाताने काढायची. बैठकीच्या खोलीच्या सर्व भिंती पाच तासांच्या आत पूर्ण झालेल्या पाहिल्याचे त्यात नमूद आहे. युरोपातले भग्न किल्ले आणि देवळे काढण्यापेक्षा आपल्या अवतीभवतीची शेते आणि बंदरे काढा, असा त्यांचा आग्रह होता. मला पोर्टर यांचे मोठेपण येथे दिसते : जी विद्या त्यांचे पोट भरत होती ती त्यांनी सर्वांसाठी छापून टाकली.

प्रश्न : त्या काळातील व्यक्तिचित्रांत चेहरे सपाट आणि हात लाकडी दिसतात. चित्रकारांना शरीररचना येत नव्हती म्हणूनच ना? (एक वाचक, नागपूर)

काहींना येत नव्हती, हे खरे. परंतु सपाटपणा हा नेहमी अज्ञानाचा परिणाम नसे. पुष्कळदा तो दराचा भाग असे. विल्यम मॅथ्यू प्रायर या मेन राज्यातील चित्रकाराने १८३१ मध्ये वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की ज्यांना छायेविना सपाट चित्र हवे असेल त्यांना ते पाव किमतीत मिळेल. पुढे त्याच्या चित्रांमागे लावलेल्या एका छापील चिठ्ठीवर तासाभराच्या बैठकीत काढलेले व्यक्तिचित्र चौकट आणि काचेसह २ डॉलर ९२ सेंटला मिळेल, असे म्हटले आहे. प्रायर छायाप्रकाशाची चित्रेही उत्तम काढत असे. तेव्हा त्याचे एखादे सपाट चित्र पाहताना चित्रकाराला काय येत होते यापेक्षा गिऱ्हाइकाने किती पैसे दिले होते, हे आधी विचारले पाहिजे.

ॲमी फिलिप्स (१७८८–१८६५) यांची गोष्ट याहून बोलकी आहे. कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स आणि न्यूयॉर्कच्या सीमेवरील गावांत हा गृहस्थ पन्नासएक वर्षे चित्रे काढत फिरला. त्याच्या आरंभीच्या फिकट, धूसर चित्रांत आणि नंतरच्या ठसठशीत, गडद पार्श्वभूमीच्या चित्रांत इतका फरक होता की अभ्यासकांनी ती बराच काळ दोन वेगळ्या अनामिक चित्रकारांची मानली होती. ती एकाच हातची आहेत हे विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सिद्ध झाले. न्यूयॉर्कच्या अमेरिकन फोक आर्ट म्युझियममध्ये त्याचे एक चित्र आहे : लाल झग्यातली लहान मुलगी, मांडीवर पांढरे मांजर, पायाशी कुत्रा. झगा म्हणजे लाल रंगाचा एक अखंड आकार आहे, त्यावर सुरकुती जवळपास नाहीच, आणि त्यामुळे नजर थेट मुलीच्या चेहऱ्याकडे जाते. असाच लाल झगा घातलेली आणखीही मुले त्याने रंगवली आहेत. एकदा जमलेली मांडणी पुन्हा वापरणे यात त्याला काही गैर वाटत नव्हते.

या चित्रकारांत बाल्टिमोरचे जोशुआ जॉन्सन यांचे नाव घेतलेच पाहिजे. ते जन्माने गुलाम होते. १७८२ मध्ये त्यांच्या मुक्ततेची सरकारी नोंद झाली, आणि १७९८ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रातील जाहिरातीत स्वतःचा उल्लेख स्वयंशिक्षित प्रतिभावंत असा केला. ज्या समाजात कृष्णवर्णीयाला शिकू देण्याचीच पंचाईत होती तेथे हे शब्द छापून आणायला किती छाती लागली असेल याचा विचार व्हावा. त्यांच्या चित्रांत सोफ्यावरचे पितळी खिळे एकेक करून, ओळीने, न चुकता काढलेले असतात.

चित्रकार हिवाळ्यात घरी बसून बिनडोक्याची धडे रंगवून ठेवत आणि उन्हाळ्यात फिरून त्यांवर चेहरे बसवत, अशी एक कथा पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. तिला आधार सापडलेला नाही. १८३९ नंतर डॅगेरोटाइप, म्हणजे छायाचित्रणाचा पहिला व्यवहार्य प्रकार, आला आणि हा धंदा काही वर्षांतच आटला.

प्रश्न : फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात एक रंगवलेली पेटी पाहिली. तिच्यावर ट्यूलिपची फुले, एक नाव आणि साल होते. तेथे 'पेन्सिल्व्हेनिया डच' असे लिहिले होते. हे लोक हॉलंडचे का? आणि ती हुंड्याची पेटी होती का? (एक वाचक, न्यू जर्सी)

हॉलंडचे नव्हेत. ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातून आणि स्वित्झर्लंडमधून अठराव्या शतकात आलेल्या जर्मनभाषक लोकांची ही वस्ती आहे. 'डच' हा शब्द येथे जर्मन या अर्थाने रूढ झाला आहे. पेटीला हुंड्याची म्हणण्यापेक्षा रुखवताची म्हणणे अधिक जवळचे, आणि तेही पुरते बरोबर नाही, कारण अशा पेट्या मुलग्यांनाही करून देत. वयात येणाऱ्या मुलाची किंवा मुलीची स्वतःच्या मालकीची पहिली वस्तू म्हणजे ही पेटी, म्हणून तिच्यावर नाव.

पेटीच्या झाकणाची आतली बाजू आपण पाहिली असती तर कदाचित तेथे एक कागद चिकटवलेला दिसला असता. त्याला फ्राक्टुर म्हणतात. मूळ शब्द जर्मन लिपीच्या एका मोडलेल्या वळणाचा; पुढे त्या वळणात लिहिलेल्या आणि रंगवलेल्या सर्व कागदांना तेच नाव पडले. यांतला सर्वांत प्रचलित प्रकार म्हणजे जन्म आणि बाप्तिस्म्याचा दाखला. मधोमध मजकूर : मुलाचे नाव, आईवडील, जन्माचा दिवस, गाव, परगणा, बाप्तिस्मा देणारा धर्मोपदेशक आणि साक्षीदार. पुष्कळ दाखल्यांवर जन्मवेळ आणि राससुद्धा लिहिलेली असते, हे वाचून आपल्याकडच्या वाचकांना नवल वाटेल. भोवती ट्यूलिप, हृदये, पक्षी आणि देवदूत. हे काम बहुधा शाळामास्तर करीत, कारण सुंदर अक्षर त्यांच्याजवळ असे आणि पगार तुटपुंजा असे. फ्रीड्रिश क्रेब्स हा त्यांपैकी एक. तो अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढायला आणलेला जर्मन सैनिक होता. युद्ध संपल्यावर तो तिथेच राहिला, शिकवू लागला आणि शेकडो दाखले रंगवून गेला.

या कागदांना एक अनपेक्षित उपयोगही झाला. स्वातंत्र्ययुद्धातील सैनिकांच्या विधवांसाठी १८३६ मध्ये निवृत्तिवेतनाचा कायदा झाला तेव्हा लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा पुरावा लागू लागला. खेड्यातल्या विधवांजवळ सरकारी नोंद कुठली असणार! त्यांनी घरातले फ्राक्टुर काढून अर्जांना जोडले. ते अर्ज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही आहेत. कोर्टकचेरीच्या रूक्ष कागदांच्या गठ्ठ्यात मध्येच एक लाल-पिवळा पक्षी निघतो. तो पाठवणाऱ्या बाईला कागद परत मिळाला नाही, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

याच प्रदेशात कोठारांच्या भिंतींवर मोठ्या रंगीत चांदण्या रंगवतात. त्या चेटूक दूर ठेवण्यासाठी आहेत अशी समजूत १९२४ च्या सुमारास एका प्रवासी लेखकाच्या पुस्तकातून पसरली. स्थानिक शेतकऱ्यांचे म्हणणे त्या शोभेसाठीच आहेत असे होते, आणि कोठारे रंगवण्याची चाल तरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरच वाढलेली दिसते.

प्रश्न : या नक्षीकामावर भारताचा काही प्रभाव आहे का? (एक वाचक, मुंबई)

थोडा आहे आणि तो कापडातून गेलेला आहे. कोरोमंडल किनाऱ्यावर हाताने रंगवलेले चिटाचे पलंगपोस इंग्लंडमार्गे अमेरिकेतील सुखवस्तू घरांत पोहोचले होते. त्यांच्यावरचा मधोमध उभा असलेला फुलझाडाचा आकार तिथल्या भरतकामात स्पष्ट दिसतो. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तिथली जहाजे थेट भारतात येऊ लागली. मॅसॅच्युसेट्समधील सेलम बंदराच्या कप्तानांनी १७९९ मध्ये एक मंडळी स्थापून देशोदेशीच्या वस्तूंचा संग्रह सुरू केला. या कप्तानांशी मुंबईत व्यवहार करणारे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचे व्यक्तिचित्र त्या संग्रहात आहे. रोगणासाठी लागणारा चपडाही आपल्याकडूनच जाई. परंतु पेन्सिल्व्हेनियातले ट्यूलिप किंवा ईटन यांचे अननस भारतीय म्हणणे ओढूनताणून होईल.

प्रश्न : या वस्तूंना 'कला' कधीपासून मानू लागले? (एक वाचक, पणजी)

करणाऱ्यांच्या हयातीत नाही. १९२० च्या दशकात काही आधुनिक चित्रकारांनी जुन्या सामानाच्या दुकानांतून त्या उचलायला सुरुवात केली, आणि १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये होल्गर केहिल यांनी सामान्य माणसाची कला म्हणून त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. पुढे मंदीच्या काळात बेकार चित्रकारांना सरकारी काम देण्याच्या योजनेत देशभरच्या अशा वस्तूंची सुमारे १८,००० जलरंगचित्रे काढून घेण्यात आली. ती आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत, आणि त्या चित्रकारांचे हातही थक्क करणारे आहेत.

प्रश्न : येथे एका घरगुती विक्रीत काळ्या पत्र्याचे फुलांचे जुने तबक घेतले. रंग काही ठिकाणी उडाला आहे. घासून नव्याने रंगवून घ्यावे का? (एक वाचक, मॅसॅच्युसेट्स)

कृपा करून घासू नये आणि रंगवूही नये. कथलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याची भांडी कनेटिकटमधील बर्लिन या गावी १७४० च्या सुमारास होऊ लागली आणि तेथून फेरीवाले ती गाडीतून दूरवर विकत. पत्र्याला डांबरासारख्या खनिज द्रव्याचे काळे-तपकिरी रोगण लावून भट्टीत भाजत आणि मग रंगवत. फूल म्हणजे तांबडा गोल, त्यावर अर्धपारदर्शक पांढरा फटकारा. पान म्हणजे कुंचला दाबून टेकवायचा आणि ओढता ओढता उचलायचा, की टोक आपोआप निमुळते होते. प्रत्येक पान एकाच फटकाऱ्याचे, दुरुस्तीला वाव नाही. आपल्या तबकावरची पाने भिंगातून पाहिल्यास कुंचल्याच्या केसांच्या रेषा दिसतील. त्यांवर नवा रंग चढला की हे सारे गेले. हे काम पत्रेवाल्यांच्या घरातील मुली करत असत. न्यूयॉर्क राज्यातील ॲन बटलर तर काही तुकड्यांवर हृदयाच्या आकारात आपली आद्याक्षरे लिहीत असे, म्हणून कडेला बारीक अक्षरे आहेत का हे जरूर पाहावे.

दुसरे कारण आरोग्याचे आहे. त्या काळचा सफेता आणि चमकदार पिवळा या दोन्हींत शिसे असे. घासल्यावर उडणारी धूळ घातक असते, विशेषतः लहान मुलांना. तबकात खाद्यपदार्थ ठेवू नयेत, साबणाच्या पाण्यात बुडवू नये, मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी आणि ओल नसलेल्या जागी ठेवावे. रंगवण्याची हौस असेल तर नवे तबक आणून त्याच्यावर जरूर करावी. एस्थर स्टीव्हन्स ब्रेझर यांनी जुन्या वस्तूंवरून नकला उतरवून ही विद्या पुन्हा शिकवायला सुरुवात केली, आणि त्यांच्या विद्यार्थिनींनी १९४६ मध्ये स्थापन केलेली संस्था हे शिक्षण आजही देते.

तबक कितपत जुने असावे याचा अंदाज हवा असेल तर पाठीमागच्या बाजूचे छायाचित्र पाठवावे. पूर्वी पत्रे लहान मापाचे येत, त्यामुळे मोठ्या तबकाच्या मधोमध दोन पत्रे दुमडून जोडल्याचा सांधा दिसतो. तसा सांधा आहे का, एवढे पत्रात लिहिलेत तरी चालेल.